बर्फातला ससा आणि बीगलचं नाक

रात्रभर पडलेला बर्फ पहाटे थांबला, की शेताच्या बांधाला सशाची पावलं ठसा मारल्यासारखी उमटलेली दिसतात. मिशिगनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ती पाहून मला वाटलं, आता काय अवघड आहे? माग तर मलाच दिसतोय! तांबडी आणि चिमी या माझ्या दोन बीगल कुत्र्यांना सोडलं आणि पावलांवर बोट ठेवून दाखवत सुटलो. दुपारपर्यंत एकीनंही धड दहा मिनिटं सूर, म्हणजे मागावर असतानाचं सलग भुंकणं, धरला नाही. शेजारच्या शेतावरचे एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर बीगल पाळलेले, कुंपणाशी उभे राहून हे बघत होते. ते एवढंच म्हणाले, की तू डोळ्यांनी शोधतोयस, त्या नाकानं शोधतायत. आधी बाजूला हो.

ती गोष्ट नीट कळायला मला तीन हिवाळे लागले. इथे जे लिहितोय ते त्याच तीन आणि पुढच्या काही हिवाळ्यांतलं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आधी दोन खुलासे. सोलापूर-विजापूरकडचे कारवानी कुत्रे ज्यांनी पाहिलेत, त्यांच्या डोळ्यांसमोर सशामागे वाऱ्यासारखा धावणारा लांब पायांचा कुत्रा येईल. तो नजरेचा कुत्रा. बीगल अगदी उलटा: आखूड पायांचा, सशापेक्षा कितीतरी हळू, जमिनीला नाक लावून वासावर चालणारा आणि चालताना सतत गळा काढणारा. बीगल ससा पकडत नाही, त्याला फिरवत ठेवतो. ससा आपला मुलूख सोडायला तयार नसतो, म्हणून मोठा फेरा मारून जिथून उठला तिथेच परत येतो. सगळा खेळ या फेऱ्यावर उभा आहे. दुसरं म्हणजे भारतात रानसशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. तेव्हा हे सगळं अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या बर्फाळ मुलखाविषयी आहे, गावी जाऊन करून बघण्याविषयी नाही. अमेरिकेत या कुत्र्यांची परंपरा जुनी आहे. तिथला नॅशनल बीगल क्लब १८८८चा, आणि माग काढण्याच्या स्पर्धाही त्याच सुमारापासूनच्या.

ससा कोणता, ते आधी ठरवा

मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण इथे दोन वेगळे प्राणी आहेत आणि बर्फात त्यांचं वागणं अगदी वेगळं. पहिला कॉटनटेल: किलो-सव्वा किलोचा, भुरा, शेपटीखाली कापसासारखा पांढरा. दक्षिण मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया इथल्या शेतांच्या कडेला, रासबेरीच्या जाळ्यांत, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्यात राहतो. त्याचा फेरा लहान असतो. थंडी फार वाढली किंवा कुत्र्यांनी फार रेटलं, की तो वुडचक नावाच्या प्राण्याच्या जुन्या बिळात शिरतो आणि खेळ संपतो. तो स्वतः बीळ खणत नाही, आयतं शोधतो.

दुसरा स्नोशू हेअर. हिवाळ्यात पांढरा होतो आणि मागचे पाय इतके रुंद, की भुसभुशीत बर्फावर तो तरंगतो. उत्तर मिशिगन, विस्कॉन्सिन, मेन इथल्या सीडरच्या झाडांच्या दलदलींत आणि स्प्रूसच्या दाट कोवळ्या झाडीत सापडतो. तो सहसा बिळात जात नाही आणि त्याचा फेरा लांबलचक असतो. कुत्र्यांचा आवाज पार विरून जातो आणि बऱ्याच वेळानं पुन्हा उगवतो. पहिल्या वर्षी कॉटनटेलवरच थांबा. हेअरच्या मागे सोडायची कुत्री दमदार, शक्यतो १३ इंचांच्या वरच्या उंचीची असावीत. अमेरिकेत बीगलचे दोनच उंचीगट मानतात: १३ इंचांपर्यंतचा आणि १३ ते १५ इंचांचा.

बर्फ वाचायला शिका

घराबाहेर पडण्याआधी मी हवामानात तीन गोष्टी बघतो: आत्ताचं तापमान, ते चढतंय की उतरतंय, आणि बर्फ पडून किती वेळ झाला. वासाचे कण थंडीत हवेत फारसे उठत नाहीत. म्हणून उणे पंधराला, पिठासारख्या कोरड्या बर्फात, चांगली कुत्रीसुद्धा आंधळ्यासारखी चाचपडते. तिच्यात दोष नाही, हवेत वासच नाही. त्यात नाक खुपसलं की पीठ नाकात जातं. शून्याच्या आसपास, बर्फ मुठीत दाबला की गोळा होतो अशा दिवशी त्याच कुत्र्या तासन्तास सूर सोडत नाहीत. माझे सगळ्यात सुंदर दिवस ढगाळ, निवांत, शून्याच्या एखाददुसऱ्या अंशानं खालीवर असलेले होते, आणि तापमान हळूहळू चढत होतं. उतरत्या तापमानाचा दिवस आकड्यानं तोच असला तरी हात देत नाही.

ऊन पडलं असेल तर सकाळी घाई करू नका. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार अकराच्या सुमाराला जरा ओलावतो आणि तिथला वास जागा होतो. जानेवारीत इथे उजाडायलाच आठ वाजतात आणि सव्वापाचला अंधारतं. मधले चार तास नीट निवडणं यातच अर्धी हुशारी आहे.

मोठ्या हिमवर्षावानंतरची पहिली सकाळ दिसायला कितीही मोहक असली तरी बहुधा वाया जाते. ससे जाळीत बसकण मारून असतात, रात्री हललेलेच नसतात. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या रात्री भुकेनं ते बाहेर पडतात.

सगळ्यात वाईट म्हणजे कवचाचा बर्फ. दिवसा वितळून रात्री गोठला की वर काचेसारखा थर येतो. सशाचं वजन तो पेलतो, पण दहा-बारा किलोच्या बीगलचा पाय प्रत्येक पावलाला त्यातून आत जातो आणि कडा ब्लेडसारखी कापते. अर्ध्या तासात बर्फावर रक्ताचे थेंब दिसतात आणि कुत्री मात्र थांबत नाही, कारण समोर वास आहे. तुम्हीच थांबवलं पाहिजे. मी अशा दिवशी कुत्र्या सोडतच नाही. काही अनुभवी मंडळी बूट घालून सोडतात. मला ते पटत नाही.

खोलीचंही तसंच. बीगलच्या छातीपर्यंत बर्फ आला की ती पळत नाही, पोहते. पुढची कुत्री वाट फोडते आणि तीच आधी दमते, मागच्या तिच्या वाटेनं येतात. २० सेंटिमीटरच्या पुढे मोकळा बर्फ असेल तर मी सीडरच्या दाट आडोशात जातो, जिथे फांद्यांनी बराच बर्फ वरच अडवलेला असतो, नाहीतर घरी बसतो.

पावलं कशी वाचायची

सशाच्या उडीत मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. म्हणजे ठशांच्या चौकडीत मोठे दोन ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. नवखा माणूस हे उलट धरतो आणि कुत्र्यांना ससा आला तिकडे हाकतो. मी स्वतः पूर्ण एक सकाळ अशी घालवली आहे.

ताज्या ठशाची कड मऊ असते, आतले कण सुटे असतात. जुन्याची कड गोलसर होते आणि बोटाला टणक लागते. जाळीच्या कडेला रात्रभर चरलेल्या सशाच्या ठशांचं जाळं झालेलं असतं. एकाच सशानं केलेलं असलं तरी दहा ससे नाचून गेल्यासारखं दिसतं. त्यात कुत्र्यांना सोडू नका. शिळ्या वासावर त्या नुसत्या घुटमळतात. त्याऐवजी कुरतडलेल्या काटक्या बघा. सशानं तोडलेली काटकी सुरीनं तिरकी कापल्यासारखी असते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्यानं खाल्लेली काटकी फाटलेली दिसते. बर्फावर तांबूस-केशरी डाग दिसला तर घाबरू नका. झाडपाल्यातल्या रंगद्रव्यामुळे सशाचं मूत्र असं दिसतं. बकथॉर्न नावाच्या झुडपाची साल खाल्लेल्या सशाचं तर उन्हात चक्क निळं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी शाई सांडली.

अशा खुणा असलेल्या ठिकाणी सगळ्यात दाट जाळी किंवा फांद्यांचा ढीग गाठायचा आणि स्वतः त्यावर पाय आपटायचा. ससा उठवण्याचं काम बर्फात माणसानं केलं तर कुत्र्यांची शक्ती वाचते. ससा उठला की आरडाओरडा न करता कुत्र्यांना हाक मारून त्या जागेवर आणा आणि बाजूला व्हा.

सूर तुटला की काय करायचं

इथे सगळं शिक्षण आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बीगलचा सूर अचानक तुटतो त्याला इथले लोक चेक म्हणतात. सशानं काहीतरी केलेलं असतं. बर्फात ते काय केलं हे तुम्हाला नंतर जाऊन वाचता येतं, आणि हिवाळ्यातला तोच मोठा आनंद आहे. बहुधा तो आपल्याच पावलांवरून दहा-पंधरा मीटर मागे आलेला असतो आणि तिथून एकदम बाजूला लांब उडी मारून एखाद्या पडलेल्या झाडाखाली शिरलेला असतो. कुत्र्या मात्र सरळ पुढे गेलेल्या असतात आणि पुढे वास संपलेला असतो.

या वेळी मनात एकच येतं: मला ती उडी दिसतेय, जाऊन दाखवू! नका जाऊ. तुमच्या बुटांनी माग तुडवला जातो, त्यावर तुमचा वास बसतो, आणि मुख्य म्हणजे कुत्री शिकते की अडलं की मालकाकडे बघायचं. पाचसहा वेळा असं झालं की ती डोकं वर करून उभी राहायला लागते. मग उन्हाळ्यात, जेव्हा तुम्हालाही काही दिसत नाही, तेव्हा तिच्याकडे काहीच उरत नाही.

वीस पावलं मागे उभे राहा. घड्याळ बघा. चांगली कुत्री जिथे वास शेवटचा होता तिथे परत येते आणि तिथून लहान-लहान वळसे घेत बाहेर सरकते. चिमी हे पहिल्यापासून करते. तांबडी मोठी झेप घेऊन पुढे जाऊन नशीब आजमावते. दहा मिनिटांत सुटलं नाही तर मी लांबून, गप्प, मोठा वळसा घालून बाहेर पडणारी पावलं शोधतो. ती मिळाली तरी लगेच बोलावत नाही. कुत्र्या त्या बाजूला वळण्याची वाट बघतो. अगदीच हताश झाल्या तर शेवटी हाक.

दोनच वेळा मी लगेच मध्ये पडतो. कुत्री उलट दिशेनं माग धरून निघाली तर तिला उचलून योग्य बाजूला तोंड करून ठेवतो. आणि हरणाच्या मागावर गेली तर त्याच क्षणी बोलावून दोरी लावतो. हरणं थंडीत सीडरच्या दलदलीत एकत्र राहून शक्ती जपतात. त्या वेळी त्यांना पळवणं म्हणजे त्यांचा जीव काढणं आहे, आणि कायद्यानंही ते चालत नाही.

कुत्र्या सुरात असताना तुम्ही सशाच्या उठण्याच्या जागेजवळ, जरा मोकळ्यावर, झाडाला पाठ लावून उभे राहा. हलू नका. ससा कुत्र्यांच्या बराच पुढे असतो, दोन उड्या मारतो, थांबतो, कान फिरवून ऐकतो, पुन्हा दोन उड्या. पांढऱ्या बर्फात पांढरा हेअर शोधायचा तर त्याचा काळा डोळा शोधा.

बंदूक घ्यायची असेल तर

मी बहुतेक दिवशी घेत नाही. मला तो सूर पुरतो. घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मिशिगनमध्ये दोन्ही सशांचा हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ मार्च असतो, दिवसाला दोन्ही मिळून पाच. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारसुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि अंगावर भडक नारिंगी कपडा हवा. दरवर्षीची नियमपुस्तिका बघूनच जा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडणारी गोष्ट: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्याला अपवाद आहे. परवाना संपला की अपवादही संपतो. मित्राची बंदूक क्षणभर हातात धरण्याआधीसुद्धा हे वकिलाकडून नीट समजून घ्या.

कुत्र्या सशाच्या जवळ असताना जमिनीवर गोळी झाडायची नाही, याला अपवाद नाही. घसरून पडलात तर नळी बर्फानं बुजली आहे का हे बंदूक रिकामी करून तपासा. सोलताना हातमोजे घाला, कारण सशापासून ट्युलरेमिया नावाचा जंतुसंसर्ग होतो. मांस पूर्ण शिजवा. आतडी-काळीज कुत्र्यांना कच्चं देऊ नका, त्यातून पट्टकृमी जातात.

कुत्र्याचं अंग

तयारी ऑक्टोबरपासून. गादीवर बसून लठ्ठ झालेली बीगल जानेवारीत एकदम सोडली तर पहिल्याच दिवशी लंगडते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपेट खायला द्या, सकाळी अगदी थोडं. बोटांमधले लांब केस कापा, नाहीतर तिथे बर्फाचे गोळे धरतात आणि बोटं फाकतात. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख वाढू देऊ नका, कवचात तेच अडकून फाटतं. पंजांना, पोटाला आणि नर असेल तर वृषणांच्या कातडीला मलम लावा. ही शेवटची जागा लोक विसरतात आणि संध्याकाळी कातडी सोललेली पाहून हळहळतात. मी बॅग बाम वापरतो, गाईच्या सडांसाठी व्हर्मांटमध्ये १८९९पासून बनणारं हिरव्या डब्यातलं. साधं व्हॅसलिनही चालतं.

सोबत कोमट पाण्याची थर्मास न्या. बर्फ खाऊन कुत्र्याची तहान भागत नाही, उलट अंगातली ऊब जाते. दर दीड तासाला बोलावून पाणी पाजा, बोटं तपासा, थोडं खायला द्या.

पळता-पळता कुत्री डगमगली, मागचे पाय लटपटले, नजर शून्यात गेली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. मधाचं बोट हिरड्यांना चोळा, उबेत घ्या, आणि त्या दिवशी पुन्हा सोडू नका. म्हणून माझ्या खिशात मधाची छोटी बाटली कायम असते. थंडी लागल्याची पहिली खूण म्हणजे थरथर. ओली, थकलेली कुत्री थरथरायची थांबली आणि मंद झाली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, धोक्याचं आहे. कोरडी करा, कोटाच्या आत घ्या, गाडी गाठा, पशुवैद्याला फोन करा. कानाची टोकं पांढरी-कडक पडली असतील तर चोळू नका, कोमट हातानं धरा.

जीपीएसचा पट्टा महाग आहे, तरी घ्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून हातातलं यंत्र आतल्या खिशात ठेवा. बर्फ पडायला लागला की आवाज दबतो, वाऱ्यात दिशा फसते; अंधारात कुत्री शोधत हिंडण्यासारखी हतबलता नाही. तळ्यांवरचा बर्फ ओळखीचा नसेल तर त्या बाजूला सोडूच नका, आणि कुत्री आत पडली तर मागे उडी मारू नका. हिवाळ्यात सापळ्यांचा हंगामही असतो. कुत्र्याची मान धरणारा चौकोनी सापळा नुसत्या हातांनी उघडत नाही. स्प्रिंगच्या कड्यांतून दोरी ओवून ती दाबायची पद्धत घरी, उजेडात, दहा वेळा करून बघा. दोरी मात्र रोज कमरेला हवी. मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, अपर पेनिन्सुलात, लांडगे आहेत. तिथे ताजे ठसे दिसले तर जागा बदला.

दिवस कधी संपवायचा

माझा नियम: कुत्र्यांचा सूर अजून चांगला असतानाच शेवटच्या फेऱ्याला त्यांना अडवायचं. त्या येतील त्या वाटेवर आधीच जाऊन उभं राहायचं आणि पुढे आली की दोरी लावायची. दमून पडेपर्यंत थांबलात तर उद्याचा आणि परवाचा दिवस गेला.

गाडीपाशी आधी पाय कोमट पाण्यानं धुवायचे, विशेषतः रस्त्यावरचं मीठ लागलं असेल तर. पोटाखालचे बर्फाचे गोळे ओढून काढायचे नाहीत, हातात धरून वितळवायचे. शेपटीचं पांढरं टोक काट्यांनी लाल झालेलं असतं, ते पुसायचं. टॉवेलनं कोरडं करून कुत्र्यांना गाडीतल्या त्यांच्या पेटीत ठेवायचं. पेटीत घोंगडी टाकू नका, ओली झाली की ती थंड पडते; गव्हाचं काड भरपूर घाला. तांबडी आधी त्यात गोल-गोल फिरून खळगा करते. चिमी सरळ तिच्या पाठीला पाठ लावून पडते, आणि आमची गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत दोघी घोरायला लागलेल्या असतात.